नोंद नसलेले ब्लॉक

१ जून २०१२, शुक्रवार

काल निवृत्त झाले. सदतीस वर्षं एकच हॉस्पिटल, तळघरातली एकच पॅथॉलॉजी लॅब आणि एकच स्टूल. निरोप समारंभात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. जिला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही तिला घड्याळ देतात, यातला विनोद कुणाला कळलेला दिसला नाही. ही डायरी मात्र यांच्या एलआयसी एजंटची. जानेवारीपासून टीव्हीवर कोरी पडली होती, म्हटलं वाया कशाला घालवा.

देवस्थळी सर आले होते. म्हणजे डॉ. श्याम देवस्थळी, १९८१ ते ९२ आमचे पॅथॉलॉजीचे प्रमुख. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, पण शर्टाची इस्त्री तीच आणि जीभही तीच. भाषण दोन वाक्यांचं केलं. "ललिताबाई रणपिसे अकरा वर्षं माझ्या हाताखाली होत्या. माझा शब्द त्यांनी एकदाही मोडला नाही." टाळ्या पडल्या. सर माझ्याकडे बघून चक्क हसले. म्हातारपणी माणूस मवाळ होतो म्हणतात ते खरं असावं.

मी खाली मान घालून ताटलीतल्या सामोशाकडे बघत बसले. चोराच्या मनात चांदणं. कारण शब्द मी मोडला होता, आणि एकदा नाही, अकराच्या अकरा वर्षं. हे कुणालाही माहीत नाही आणि होणारही नाही. इथं लिहायला हरकत नाही, कारण आमचे हे डायरी वाचायची म्हटली तर आधी चष्मा शोधावा लागेल.

१९ जून, मंगळवार

निवृत्तीचा एकोणिसावा दिवस. डाळीचे डबे तिसऱ्यांदा पुसले. हे दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्यामुळे घराचा ताबा त्यांच्याकडे आहे. आज मला म्हणाले, तू स्वयंपाकघरात असलीस की मला चहा करता येत नाही. अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

४ जुलै, बुधवार

नोकरी लागली! वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हिंजवडीला.

चैताली मराठे नावाची मुलगी बोपोडीला घरी आली. मुलगी म्हणजे पस्तिशीची, डॉक्टरेट केलेली, बाहेरून शिकून आलेली. तिची तीन खोल्यांची जनुकांची लॅब आहे. अंडाशयाच्या काही गाठी इतक्या दुर्मीळ असतात की मोठमोठ्या डॉक्टरांत सूक्ष्मदर्शकावरून भांडणं लागतात, ही अमुक की तमुक. पण प्रत्येक जातीच्या गाठीच्या जनुकात ठरावीक ठिकाणी ठरावीक चूक असते. कधीकधी तर फक्त एक अक्षर बदललेलं. ती चूक सापडली की गाठ मुळात कुठल्या पेशीपासून सुरू झाली ते कळतं. मी म्हटलं, म्हणजे गाठीचं माहेर शोधायचं. चैतालीने ते वहीत लिहून घेतलं.

अशा गाठी वर्षाला दोन-तीनच मिळतात. देवस्थळी सरांनी मात्र अकरा वर्षांत एकोणतीस जमवल्या होत्या, आणि त्यांचे ब्लॉक आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात आहेत. परवानगी तिने काढली आहे. पण जुने नंबर वाचणार कोण? माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. सहा महिन्यांचं काम आहे.

आमच्या सासरच्या मंडळींना सदतीस वर्षं मी नर्स आहे असंच वाटत आलंय, म्हणून एकदाचं लिहूनच ठेवते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे यायचा. तो औषधात मुरवायचा, मेणात बसवायचा, की झाला ब्लॉक. मग त्याची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती कापायची, काचेवर घ्यायची, रंगवायची. काच बघून डॉक्टर सांगणार कॅन्सर आहे की नाही. पेशंट वर, वॉर्डात. सदतीस वर्षांत मी हजारो बायका-पुरुषांचे तुकडे हाताळले, तोंड एकाचंही पाहिलं नाही.

हे म्हणाले, जा. फार पटकन म्हणाले.

११ जुलै, बुधवार

कंपनीची बस औंधहून सुटते आणि वाकडच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन उभी राहते. उभीच राहते. बसमधली सगळी पोरं कानात वायरी घालून डोळे मिटून बसलेली असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं ध्यान चाललंय.

लॅबमध्ये चैताली आणि आयुष बोरकर असे दोघंच. आयुष वर्ध्याचा, कॉम्प्युटरवर अक्षरं वाचायचं काम त्याचं. मला काकू म्हणतो आणि माझा डबा खातो. चैताली मावशी म्हणते आणि विचारून खाते. आज एकोणतीस ब्लॉक ट्रेमध्ये लावून दिले. नावं त्यांना द्यायची नाहीत, फक्त नंबर, असा नियम आहे. चैताली कौतुकाने म्हणाली, मावशी, तुमच्याशिवाय अडलं असतं. मी नुसतं हं केलं, पण बसमध्ये उगाच हसू येत होतं.

२७ जुलै, शुक्रवार

तिसऱ्यांदा सगळं करून झालं आणि तिसऱ्यांदा हाती काही नाही. ब्लॉकमधून डीएनए निघतच नाही. निघतो तो नुसता भुगा, त्यातली अक्षरं यंत्राला वाचता येत नाहीत. चैतालीने यंत्र बदललं, रसायनं बदलली, शेवटी पाणी बदललं.

मग आयुषने सहज विचारलं, काकू, हे ब्लॉक असे पिवळे का आहेत? का ते फक्त मलाच ठाऊक होतं.

सरांचा हुकूम होता. अंडाशयात गाठ दिसली की तुकडा पिवळ्या औषधात टाकायचा. बाकी शरीरातलं काहीही आलं तर साधं फॉर्मलिन, पण हे पिवळ्यात. त्यात पेशींची केंद्रं ठसठशीत दिसतात असं सरांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. पण त्या औषधात पिक्रिक आम्ल असतं. त्याने डीएनएचं पार पीठ होतं, हे आज चैतालीच्या पुस्तकात वाचलं. १९८१ साली डीएनए काढायचं कुणाच्या स्वप्नात होतं?

आता खरी गोष्ट. पिवळ्यात तुकडा कडक व्हायचा, चकती कापताना फाटायची, आणि फाटली की सरांची बोलणी मला. एकदा म्हणाले होते, "ललिताबाई, चकती मागितली होती, चिवडा नाही." त्या दिवसापासून मी दर गाठीचा एक जादा तुकडा गुपचूप साध्या फॉर्मलिनमध्ये टाकायला लागले. पिवळ्यातली चकती फाटली की साध्यातली द्यायची. ओळखू येऊ नये म्हणून शेवटी काचेवर थेंबभर पिवळं औषध फिरवायची. अकरा वर्षं सरांना पत्ता लागला नाही. नेहमीच्या गाठींचे जादा ब्लॉक नंतर टाकून द्यायची, पण सरांच्या त्या खास एकोणतीस गाठींचे टाकायला जीव झाला नाही. नोंदवहीत त्यांची नोंद नाही, कशी करणार? 'कंट्रोल' लिहिलेल्या खणात ठेवले होते. रंग नीट चढतोय का हे तपासायला जे सटरफटर ब्लॉक ठेवतात त्यांचा तो खण. तिथं कुणी चौकशी करत नाही.

म्हणजे चैतालीला जे हवंय ते आहे. आणि मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. भर सभेत ज्यांनी मला इतकी शाबासकी दिली त्यांना आता काय सांगू? आमच्या लॅबमधल्या बजरंगने सरांना न विचारता एकदा औषध बदललं होतं, तर आठवड्यात त्याची रवानगी भांडारात सुया मोजायला झाली. मला आता भांडारात कुणी पाठवणार नाही हे मला कळतं. तरीही गप्प बसले.

८ ऑगस्ट, बुधवार

चैताली स्वतःलाच दोष देतेय. आज लॅबला पैसे देणारी पाहुणे मंडळी आली होती, त्यांनी गोड बोलून विचारलं की हा विषय सोडून दुसरं काही करता येईल का. पाहुणे गेल्यावर आयुषने सगळी भांडी पुन्हा धुतली, जणू भांड्यांची चूक आहे. मी माझ्या स्टुलावर बसून होते. डबाही पुरा खाल्ला नाही. आयुषने खाल्ला.

स्वतःची लाज वाटते. लिहून ठेवते म्हणजे नंतर म्हणायला नको की वाटली नव्हती.

१६ ऑगस्ट, गुरुवार

आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. तिथली सृष्टी पोकळे नावाची मुलगी आज फाइल घेऊन आली. लिफ्टमध्ये रोज आमची पाटी वाचायची, आज धीर केला म्हणाली. ती धायरीची. तिची आजी सुंदराबाई, वय अडुसष्ट. सव्वीस वर्षांपूर्वी आजीच्या अंडाशयाची गाठ काढली होती. आमच्याच हॉस्पिटलात. नंतर आजी ठणठणीत, पोरांची तीन लग्नं लावली, शेतात राबली. आता यकृतात लिंबाएवढी गाठ निघालीय.

प्रश्न असा आहे. ही गाठ नवी असेल किंवा भलतीकडून आलेली असेल, तर ऑपरेशनचा उपयोग नाही, थोडे महिने हातात आहेत. पण ती जर जुनीच, अंडाशयातली संथ गाठ परत आली असेल, तर काढून टाकायची आणि आजी पुढे वर्षानुवर्षं जगू शकते. त्या जातीच्या गाठी वीस-पंचवीस वर्षांनी परत येतात. सुई घालून तुकडा काढला तर इतकं रक्त गेलं की सर्जन पुन्हा सुई लावायला तयार नाहीत, आणि निघालेला तुकडा तपासण्यांतच संपला. रक्ताची तपासणी अर्धवट बोलते. जुनी गाठ नक्की कुठली होती एवढं कुणी सांगितलं तर सर्जन ऑपरेशन करतील. पंधरा सप्टेंबरपर्यंत थांबतो म्हणालेत.

फाइलमध्ये १९८६ चा रिपोर्ट होता, पिवळा पडलेला. नंबर ६१२/८६, माझ्या अक्षरात. खाली सरांनी टाइप केलेलं निदान, 'ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर', म्हणजे तीच संथ जात, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. मी सरांच्या हजारो रिपोर्टांवर नंबर घातले असतील. प्रश्नचिन्ह हे पहिलंच पाहिलं.

चैताली हळू आवाजात सृष्टीला सांगत होती की आमच्याकडे त्या वेळचा ब्लॉक आहे, पण त्यातून काही निघत नाही, सॉरी. मुलगी रडली नाही. फाइल नीट बंद केली, थँक्यू म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

मी तिच्या मागे गेले. म्हटलं, थांब. आत ये. दुसरा ब्लॉक आहे.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

काल सगळं सांगितलं, जादा तुकडा, थेंबभर पिवळं, कंट्रोलचा खण. मला वाटलं आता चिडेल, आणि चिडायचा तिला हक्क आहे, तीन आठवडे मी तिला झिजू दिलं. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही तीन आठवडे झोपलात कशा?" मी म्हटलं, झोपले नाही. मग तिने माझ्या डब्यातली कोथिंबीर वडी न विचारता घेतली. तेव्हा जरा बरं वाटलं.

२१ ऑगस्ट, मंगळवार

हॉस्पिटलात गेले. माझ्या स्टुलावर आता पायल बसते, माझ्याच हाताखाली शिकलेली. तिला विचारलं, कंट्रोलचा खण कुठाय? तिने आनंदाने उघडून दाखवला आणि म्हणाली, मॅडम, तुमचे हे जुने ब्लॉक फार छान कापले जातात, आम्ही रंग तपासायला रोज हेच वापरतो.

रोज! मी एकेक ब्लॉक हातात घेऊन बघितला. अठ्ठावीस बरे होते. ६१२ चा सगळ्यात जास्त वापरलेला, कारण तो सगळ्यात छान कापला जातो. मेणात आता नखाएवढा तुकडा उरलाय. स्वतःच्या हाताने केलेलं चांगलं काम असं नडतं कधीकधी. पायलचा काय दोष, तिला कुणी सांगितलं होतं? ती बिचारी ओशाळली, मीच तिला चहा पाजला.

नवे प्रमुख सज्जन आहेत, पण नियमाला पक्के. म्हणाले, नोंदवहीत नाहीत ते ब्लॉक माझ्या हॉस्पिटलचे कसे म्हणू? आणि हॉस्पिटलचे नसतील तर देऊ कसे? डॉ. देवस्थळींनी लेखी दिलं की हे त्यांच्या काळातले आहेत, तर न्या.

म्हणजे आता वाघाच्या गुहेत जाणं आलं.

२३ ऑगस्ट, गुरुवार

गेले नाही. आज पाय दुखत होता.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

पाय दुखत नव्हता. यांनी विचारलं, त्या धायरीच्या बाईकडे किती दिवस आहेत? मी सांगितलं. ते म्हणाले, मग तुझ्या सरांचं बोलणं खायला किती वेळ लागेल? फार तर अर्धा तास.

हा माणूस वर्कशॉपमध्ये ब्रेक दुरुस्त करायचा, पण वेळेला बरोबर ढकलतो.

२५ ऑगस्ट, शनिवार

सर एरंडवण्यात राहतात, चौथ्या मजल्यावर, एकटे. दार स्वतः उघडलं. मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, म्हटलं नाहीतर धीर सुटेल. सर, मी अकरा वर्षं तुम्हाला फसवलं. मग सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघवेना, टीपॉयवरच्या औषधाच्या डबीकडे बघत बोलले.

सर म्हणाले, "पिवळ्या औषधात पेशी आकसतात. तुम्ही वरून हळद लावलीत म्हणून साध्यातल्या आकसत नाहीत."

मला समजायला वेळ लागला. मग मी विचारलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? केव्हापासून? ते म्हणाले, "पहिल्या काचेपासून. मी पॅथॉलॉजिस्ट होतो, ललिताबाई, चित्रकार नव्हे." मग बोलले का नाहीत, तर म्हणाले, मला दोन्ही प्रकारच्या काचा बघायला मिळत होत्या, बोललो असतो तर तुम्ही घाबरून बंद केलं असतं.

मला रडू यायला लागलं आणि रागही आला. अकरा वर्षं मी श्वास रोखून काचा नेऊन देत होते! तसं मी बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "श्वास रोखल्यामुळेच चकत्या चांगल्या यायच्या."

मग आतून एक वही आणली. त्यांच्या खास गाठींची. एकोणतीस नंबर, तारखा, आणि जिथं जिथं माझी साधी काच बघितली तिथं समासात 'ल.' असं लिहिलेलं. ६१२ पाशीही होतं. त्या नंबरावर बोट ठेवून म्हणाले, ही बाई जिवंत आहे? मी म्हटलं, आहे, धायरीला असते. सरांनी पत्र लिहून दिलं, वहीच्या झेरॉक्सवर सही केली, आणि दारापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, "प्रश्नचिन्हाचं काय झालं ते कळवा. दोन जातींमध्ये मला ठरवता आलं नव्हतं. तेव्हा साधनं नव्हती."

अर्धा तास नाही, दोन तास लागले. उपमाही त्यांनीच केला होता. मीठ कमी होतं, मी काही बोलले नाही.

१ सप्टेंबर, शनिवार

आज ६१२ कापला. नवं यंत्र आपोआप कापतं, पण एवढुशा उरलेल्या तुकड्यावर मी त्याला हात लावू देणार नव्हते. हाताचं यंत्र काढायला लावलं. ब्लॉक पँट्रीच्या फ्रीजमधल्या बर्फावर अर्धा तास ठेवला, कुणाच्या तरी आइस्क्रीमशेजारी. मग कापायच्या आधी त्यावर हलकेच फुंकर घातली, उबेने चकती फाटत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही.

चैतालीला सहा चकत्या हव्या होत्या. पहिल्या दोन वाकड्या आल्या, त्या धरायच्याच नाहीत. मग एक, दोन, तीन, चार. पाचवी घेताना आयुष शिंकला. मी त्याला बाहेर काढलं. पाचवी, सहावी आली, आणि सातवीला नुसतं मेण आलं. संपला ब्लॉक.

नंतर जेवायला बसले तर डब्याचं झाकण मला निघेना. चैतालीने उघडून दिला.

५ सप्टेंबर, बुधवार

डीएनए निघाला! भुगा नाही, बऱ्यापैकी लांब तुकडे. चैताली नाचली. पण नोंद नसलेला ब्लॉक खरंच सुंदराबाईंचाच कशावरून, असं सर्जन विचारतील, म्हणून सृष्टी आजीच्या रक्ताची नळी घेऊन आली. आयुषने दोन्ही ताडून पाहिलं. ब्लॉक त्यांचाच.

आता नेमकं ते एक अक्षर वाचायला आठवडा लागेल. माझं काम काही नाही. आज तीनदा टेबल पुसलं. घरचे डाळीचे डबे आठवले.

अक्षर बदललेलं नसलं तर? हा विचार आज पहिल्यांदा आला. तर सर्जन नाही म्हणतील, आणि ते सृष्टीला आम्हीच सांगायचं. माझ्या जादा तुकड्याने तिला महिनाभर आशा लावली. न सांगते तर निदान आशा तरी लागली नसती. यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, गाडी ब्रेकवर घेऊन उभं राहिलं तरी रस्ता तोच असतो. मला काही कळलं नाही, पण जेवले.

१२ सप्टेंबर, बुधवार

बसमधून उतरले तर आयुष फाटकाशीच उभा. नुसता चला म्हणाला.

पडद्यावर रंगीत डोंगरांची ओळ असते, प्रत्येक डोंगर म्हणजे एक अक्षर. निळा म्हणजे सी, काळा म्हणजे जी. फॉक्सेल-टू नावाच्या जनुकातलं चारशे दोनावं अक्षर. निरोगी माणसात तिथं एकटा निळा डोंगर उभा असतो. सुंदराबाईंच्या रक्तात तसाच एकटा निळा होता. आणि त्यांच्या १९८६ च्या गाठीत त्याच जागी निळ्याच्या पोटात काळा उभा.

मी तीनदा विचारलं, नक्की? चैतालीने तीनदा सांगितलं. ग्रॅन्युलोसा. ज्या दुसऱ्या जातीची शंका होती तिच्यात हे अक्षर बदलत नाही. गाठीचं माहेर सापडलं. लिफ्टची वाट न बघता पाचव्या मजल्यावर जिना चढून गेले, या गुडघ्यांनी. सृष्टी मीटिंगमध्ये होती. काचेतून मला बघितलं आणि मीटिंग सोडून बाहेर आली. दम लागल्यामुळे मला बोलता येईना, म्हणून नुसती होकाराची मान हलवली. पोरगी तिथंच खाली बसली आणि तेव्हा रडली.

सरांना फोन केला. म्हटलं, सर, प्रश्नचिन्ह काढायचं. बराच वेळ पलीकडून काही आवाजच आला नाही, मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग 'बरं' असं काहीतरी ऐकू आलं आणि फोन बंद. या लँडलाइनच्या वायरी कधी सुधारणार नाहीत.

१५ सप्टेंबर, शनिवार

पायलचा फोन. देवस्थळी सर काल टॅक्सी करून हॉस्पिटलात आले. तळघरात काठी टेकत उतरले, ६१२/८६ चा मूळ रिपोर्ट मागवला, चष्मा पुसून सुधारणा लिहिली आणि सही केली. नव्या प्रमुखांनी खुर्ची दिली तर म्हणाले, कामाला आलोय. जाताना नोंदवही उघडायला लावली आणि २९ जादा ब्लॉकांची नोंद स्वतःच्या अक्षरात केली. 'तयार करणार' या रकान्यात माझं नाव.

माझं नाव आजवर कुठल्याच नोंदवहीत आलं नव्हतं. तिथं फक्त डॉक्टरांचं असतं. पायलला म्हटलं, फोटो काढून पाठव. तिने पाठवला, पण यांच्या मोबाइलवर दिसत नाही.

९ ऑक्टोबर, मंगळवार

सुंदराबाईंचं ऑपरेशन पार पडलं. सहा तास. गाठ अखंड निघाली, बाकी यकृत स्वच्छ. निघालेल्या गाठीतही तेच अक्षर, आयुषने घाईने वाचून काढलं. बाई शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य म्हणे 'म्हशीचं काय केलं' असं होतं. म्हैस विकून सहा वर्षं झाली, पण डॉक्टर म्हणाले काळजी नको, भूल उतरतेय.

बाकीच्या अठ्ठावीसपैकी एकवीस गाठी वाचून झाल्या. तिघींच्या बाबतीत जुनं निदान चुकलं होतं असं दिसतंय. सरांना कळवलं. ते म्हणाले, तीनच? बरा होतो म्हणायचा मी.

४ नोव्हेंबर, रविवार

धायरीला जाऊन आले. सृष्टीने बोलावलं होतं, आजीला भेटायचंय म्हणाली. खरं म्हणजे मलाच भेटायचं होतं. सदतीस वर्षांत पहिलाच पेशंट, सगळा, तोंडासकट.

पोकळ्यांची इमारत त्यांच्याच शेतात उभी आहे. सुंदराबाई गॅलरीत बसल्या होत्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू, पोटाला पट्टा. लिफ्टकडे हात करून म्हणाल्या, तिथं आमचा वांग्याचा वाफा व्हता. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सृष्टीने हळूच कोपराने ढोसलं तेव्हा बसले.

त्यांना सगळं नीट समजावून घ्यायचं होतं. तुकडा कशात ठेवला, मेण कसलं, खण कुठला. मी सांगितलं. मग म्हणाल्या, "सव्वीस वरसं माझा जीव तुमच्या खणात व्हता, आन् मला कुनी इचारलं न्हाई." खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी तसंच सांगितलं, की तेव्हा विचारायची पद्धत नव्हती, आणि हा तुकडा तर मी माझ्या सरांनाही न विचारता ठेवला होता. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, आणि धरून ठेवला.

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, वांगं. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी नाही म्हणायच्या आत ताटात पडली. हात धुताना सुंदराबाईंनी विचारलं, "अजून कुनाकुनाचं ठिवलंय?" म्हटलं, अठ्ठावीस जणींचं. "जित्या हायती का त्या?" मला माहीत नव्हतं. आम्ही नंबर वाचले, अक्षरं वाचली, बायकांचं कुणी विचारलंच नाही.

त्या म्हणाल्या, "मग सोधा की. मी एकलीच नशिबाची कशापायी?"

संध्याकाळी चैतालीला फोन केला. ती म्हणाली, हॉस्पिटलमार्फत रीतसर करता येईल, आधी विचारून. म्हटलं हो, या वेळी विचारूनच. लगेच पायललाही फोन केला, तिची आज रविवारची ड्यूटी होती. तिने तिथल्या तिथे प्रमुखांना फोनवर विचारलं, आणि जुन्या नोंदवहीतून पहिलं नाव वाचून दाखवलं. मुक्ताई घुले, मांजरी बुद्रुक. १९८२ साली वय तेवीस. म्हणजे आज त्रेपन्न, माझ्याहून पाच वर्षांनी लहान.